प्रोग्रॅम खुला केला तेव्हा

मोबाइलचा सिग्नल झटपट स्वच्छ करणारा प्रोग्रॅम रूपश्रीनं इंदिरानगरच्या एका छोट्या कंपनीत जीव ओतून लिहिला होता. पण चालत्या गाडीत त्याची आकडेमोड मागे पडायची आणि बोलणं तुटायचं. सगळे उपाय थकले, काम गुंडाळायची वेळ आली, तेव्हा ती मालकांना, गुंडूरावांना म्हणाली, "अण्णा, हा प्रोग्रॅम इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला करू या. कुणाला तरी तोड सुचेल."

"म्हणजे पोटचं पोर रस्त्यावर सोडायचं?"

"रस्त्यावर नाही अण्णा, शाळेत घालायचं."

गुंडूराव हसले आणि तिथंच विरघळले.

महिन्याभरात ब्राझीलहून एका अनोळखी बाईंचा ईमेल आला. त्यांनी आकडेमोडीची मांडणीच बदलून पाठवली होती. प्रोग्रॅम दुप्पट वेगानं पळू लागला. रूपश्री चाचणीचा फोन घेऊन धावतच ऑटोत बसली आणि बसवनगुडीच्या गर्दीतून तिनं गुंडूरावांना फोन लावला.

"अण्णा, ऐकू येतंय?"

"येतंय... अगदी... स्वच्छ..."

तिचा चेहरा पडला. "अण्णा, अजून तुटतंय हो!"

"लाइन एकदम सरी, अगदी ठीक आहे गं," गुंडूराव नाक ओढत म्हणाले. "गळा माझा दाटलाय."