जांभयांचा अल्बम

दातांच्या डॉक्टरांची सोन्याची दाढ. थोरल्या मामांची पडजीभ. शेजारच्या काकूंची निसटती कवळी. बाबांना जांभयांचे फोटो जमवायचा नाद होता आणि त्यासाठी ते पाहुण्यांना पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीची साद्यंत हकीकत ऐकवून पकवायचे.

आज लेकीने पसंत केलेला मुलगा आला होता. "मेलास तरी जांभई देऊ नकोस," तिने बजावलं होतं. टाकीवर झाकण बसेपर्यंत पठ्ठ्याने पापणीही मिटली नाही.

तो गेल्यावर बाबांनी कॅमेरा आपटला. "टाकी ऐकून ज्याला जांभई येत नाही, तो लबाड. हे लग्न नाही व्हायचं."

"बाबा, मीच दम दिला होता हो त्याला!"

"मग उद्या परत बोलाव. गच्चीची गळती सांगायची राहिलीये."

अल्बममधली पहिली जांभई आईची आहे, दोघांच्या पहिल्या भेटीतली.