घासलेली तोंडं

एकोणिसाव्या बाईचा फोटोही लाल आला तेव्हा डॉक्टर सामरकोडींनी मोबाइल टेबलावर आपटला.

चहामळ्याच्या पाळणाघरात सकाळपासून तपासणी चालली होती. मोबाइलनं गालाच्या आतला फोटो काढायचा. हिरवं आलं तर बाई मोकळी, लाल आलं तर कर्करोगाचा संशय. फोटो झाला की मुकादम एकेकीला लगेच पानं खुडायला पिटाळत होता. एकोणीस बायका, एकोणीस लाल. आता सगळ्या मळ्याला एकदमच कर्करोग झाला की काय? डॉक्टरांनी खोदून विचारलं तेव्हा कुठं मारियायी, ही एकोणिसावी, लाजत बोलली. पहाटे उठून सगळ्यांनी मीठ आणि कोळशाची पूड घेऊन गाल आतून खसाखसा घासले होते. कोलंबोहून एवढा मोठा डॉक्टर येणार, त्याच्यापुढे पानानं रंगलेलं तोंड उघडायचं म्हणजे शोभतं का!

डॉक्टर वैतागले. मोबाइलमधलं हे यंत्र मुळात दुसऱ्याच देशातल्या तोंडांच्या फोटोंवर शिकलेलं. तिकडं सुपारी खातात, पण तंबाखूशिवाय. त्यात ह्या बायांनी गाल सोलून आणलेले. डॉक्टरांनी यादीवर वरपासून खालपर्यंत एक तिरकी रेघ मारली आणि शेरा लिहिला : घासल्याच्या जखमा.

मळ्याच्या दवाखान्यातली नर्स देवनायकी हे बघत होती आणि तिचं डोकं सणकत होतं. तपासणीची ही गाडी मळ्यावर यावी म्हणून तिनं पोंगलपासून अर्ज खरडले होते, ते ह्याच मारियायीसाठी. मारियायीच्या डाव्या गालात पांढरा चट्टा होता, आणि बोट लावलं की त्याच्या खाली टणक लागायचं.

"बोट घालून बघा," देवनायकी म्हणाली.

डॉक्टर म्हणाले, बाराला पुढचा मळा गाठायचाय, पुढच्या वर्षी येणारच आहोत.

"जाऊ दे अक्का," मारियायी हळूच म्हणाली, "चूक आमचीच. पुढच्या वर्षी न घासता येईन."

झालं, देवनायकी भडकलीच. "तू गप्प बस. पुढच्या वर्षी तू असशील का, ते विचार त्यांना." मग ती दारात अशी उभी राहिली की गाडीकडं जायला वाटच उरली नाही. "मिठानं कातडं सोलवटतं, डॉक्टर. खाली गाठ होत नाही. बोट घाला आणि मग खुशाल जा."

डॉक्टरांनी चरफडत हातमोजा चढवला. बोट गालावरून फिरलं आणि एका जागी थांबलं. पुढं सरकलं, परत मागं आलं, पुन्हा तिथंच थांबलं.

त्यांनी मारियायीच्या नावानं कँडीच्या इस्पितळाची चिठ्ठी लिहिली आणि उद्याच जायला सांगितलं. मग आपण मारलेल्या रेघेकडं बघत राहिले.

"बाकीच्या अठरा जणींना बोलवा," ते म्हणाले. आवाज पार उतरला होता.

"मुकादम सोडायचा नाही. चला तुम्हीच."

ती पुढं निघाली, मागं वळून न बघता. डॉक्टर चकचकीत बुटांनी घसरत, झुडपं धरत चढ चढले. पहिल्या ओळीतल्या बाईनं त्यांना बघून तोंडातलं पान थुंकलं, आणि पाठीवरची टोपली न उतरवताच आ केला.