एकोणीस वेळा एक

"चूक आहे," पितांबर सर म्हणाले. "शोध."

"कुठे, सर?"

"मीच सांगितलं तर तू काय केलंस?"

नूतनने वही परत घेतली. जळगावहून धुळ्याला ही तिची दुसरी खेप.

एकोणीस वेळा एक लिहून होणारी संख्या मूळ संख्या आहे. एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानेच पूर्ण भाग जात नाही. संगणक हे क्षणात सांगतो. जळगावच्या पिंप्राळ्यात शाळेत गणित शिकवणाऱ्या नूतनला मात्र ते हाताने सिद्ध करायचं होतं. कॉलेजात सरच म्हणाले होते, धीर असेल तर होईल. आठ महिने गेले, दोनशे पानं भरली. एक गणिताचं मासिक सिद्धता छापायला तयार होतं. फक्त ती तपासल्याचं सरांचं पत्र हवं होतं.

सिद्धतेसाठी एका अवाढव्य घाताला त्या संख्येने भागल्यावर बाकी एक यायला हवी. ती आली होती. मग आणखी दहा घात तपासायचे, आणि तिथे बाकी एक येता कामा नये. तिथे हिशेब चुकला तरी बाकी वेगळीच दिसते, म्हणून चूक लपून बसते.

सर खरे ठरत होते, हेच तिला जास्त लागत होतं. पहिल्या खेपेनंतर साताचा एक झालेला सापडला. दुसऱ्या खेपेनंतर राहून गेलेला हातचा.

तिसऱ्या खेपेआधी तिने सगळं दोनदा तपासलं. शाळेतल्या डिंपल मॅडमनीही ओळ न् ओळ पडताळली. मासिकाची मुदत सोमवारी संपत होती.

दारातून तिने हाक मारली.

"नूतन ना? ये," सर खुर्चीतूनच म्हणाले. सरांच्या पत्नी मंदाबाईंनी त्यांच्या हातात चहाचा कप दिला. तो संपल्यावर नूतनने पिशवीतून वही काढून त्यांच्या मांडीवर ठेवली. सर सावकाश पानं उलटत राहिले. मध्येच थांबले, कपाळाला आठी घातली, पुन्हा मागे गेले.

"घाई झालीय. चूक आहे."

"दाखवा मला!"

"शोध."

"पत्र द्यायचंच नाही असं सरळ सांगा ना! मी तुमच्यासाठी रविवारचे रविवार घालवते आणि तुम्ही..."

तिने वही ओढून घेतली.

"माय, जेवीसन जाय," मंदाबाई मागून म्हणाल्या. ती जेवायला थांबली नाही.

बसमध्ये पारोळ्यापर्यंत ती धुमसत होती. मग सवयीने हात पिशवीत गेला. पुन्हा पहिल्या ओळीपासून बघायचं, दुसरं काय. तिने सरांकडून ओढून घेतलेली वही उघडली. पान उलटलं. पुढचं उलटलं. मग भराभर सगळीच.

पक्की प्रत काढायला तिने तशीच दुसरी वही घेतली होती. सरांनी तपासली ती हीच, पहिल्यापासून शेवटपर्यंत कोरी. हाक ऐकून विचारलेलं "नूतन ना?" आणि हातात दिलेला कप तिला आता आठवला.