डावीकडचा फाटा

"परळीचं काम एक सोमवार राहिलं तर तुमचं दुकान बुडत न्हाई," असं म्हणून राजनंदिनी मोटारसायकलवर मागे बसायला निघाली. बायकांनी पाय ठेवायचं बाजूचं पायदान आधीच खाली होतं. तिने ते क्षणभर पाहिलं.

"गाडी धुतली वाटतं?"

"हं," म्हणत अमरसिंहने किक मारली.

लग्नाला सहा वर्षं झाली, पण बायकोने हट्ट असा कधी धरला नव्हता. आता धरला तो धर्मापुरीच्या जुन्या महादेवाचा, आणि तोही सोमवारीच. अंबाजोगाईत राहून देवीला सोडून एवढ्या लांब कशाला, असं त्याने विचारून पाहिलं. रविवारी जाऊ म्हणाला, उन्हाचं भेव घातलं. बाईसाहेब हलल्या नाहीत. शेवटी त्याने मोठा रुमाल तोंडाभोवती करकचून बांधला, नुसते डोळे उघडे ठेवले. चैत्राचं ऊन होतं, रस्त्यावर निम्मे लोक तसेच दिसत होते.

वाटेत पेट्रोल भरून झाल्यावर तो पंपाच्या कडेला जाऊन फोनवर बोलला. "आज जमत न्हाई. आता पुढच्या सोमवारी." परत आल्यावर बायकोला म्हणाला, "परळीचा माणूस."

राजनंदिनीने मान डोलावली आणि पदर सावरून बसली.

धर्मापुरीच्या अलीकडे रस्त्याला फाटा फुटतो. तिथली पाटी कधीच पडलीये. नवा माणूस हमखास उजवीकडे जातो आणि थेट कुणाच्या तरी उसात निघतो. अमरसिंहने वेग कमी केला.

"इचारावं का कुणाला?"

"डावीकडं घ्या," मागून आवाज आला.

गाडी डावीकडे वळली आणि त्याच्या डोक्यात किडा वळवळला.

"तू आलतीस का कधी इकडं?"

"मी? कधीच न्हाई."

"मग डावीकडं कावून म्हणालीस?"

"अंदाजानं."

अंदाजानं! मीठ कुठल्या डब्यात आहे हे पाहायला जिला रोज तीन डबे उघडावे लागतात, तिचा हा अंदाज. अमरसिंहने आरशात तिचा चेहरा पाहायचा प्रयत्न केला. आरशात नुसता तिचा खांदा दिसत होता.

देवळापुढे भरपूर मोकळी जागा होती. तो गाडी लावणार, तेवढ्यात ती म्हणाली, "इथं नगं. मागं लिंबाखाली लावा, सावली ऱ्हाते." त्याने मुकाट्याने गाडी मागे नेली. बेलफुलं विकणाऱ्या चौघीजणी ओळीने बसल्या होत्या. पहिल्या तिघी हाका मारत असताना राजनंदिनी तडक गेली ती शेवटच्या छबुबाईकडे. अमरसिंह लिंबाखालीच थांबला. मूठभर बेल घ्यायला लागतो त्याच्या चौपट वेळ त्या दोघी बोलत होत्या.

आता त्याला शनिवार आठवला. शनिवारी ती माहेरी नांदूरघाटला गेली होती. दिवसभर फोन बंद. संध्याकाळी त्याने सासूबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "सकाळीच गाडीवर बसून गेली की भायेर, अजून आली न्हाई." रात्री तिने स्वतः फोन केला तेव्हा म्हणाली, मैत्रिणीकडं गेलते.

कुणाच्या गाडीवर? आपली बायको दुसऱ्याच्या मागे बसून, त्याच्या खांद्यावर हात ठेवून इथवर आली असेल, हा विचार अमरसिंहला सोसवेना. त्याने मनाशी ठरवून टाकलं. खरं निघालं तर आजच्या आज हिला नांदूरघाटला सोडायची, ती कायमचीच. सहा वर्षांच्या संसारावर पाणी सोडावं लागलं तरी बेहत्तर.

"चला," ती येऊन म्हणाली.

भिंतीवरच्या दगडी बाया बघायलाही ती थांबली नाही. गाभाऱ्याच्या दारात मागे वळून न पाहताच बोलली, "डोकं सांभाळा, चौकट बुटकी हाय."

तो आत वाकला. आता शंका उरलीच नव्हती.

"देवासमोर असं तोंड झाकून?" असं म्हणत तिने त्याच्या तोंडावरचा रुमाल सोडवला, घडी घालून आपल्या हातात ठेवला.

"राजनंदिनी," तो दबक्या आवाजात म्हणाला. "मला लई बोलायचं न्हाई. पिंडीवरचा बेल उचल अन् सांग, याआधी तू इथं कुणाच्या गाडीवर आली न्हवतीस."

ती त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण नजर खाली गेली नाही.

"उचलते की. तुमी बी उचलाल?"

"मी कावून उचलू?"

"असंच. जोडीनं उचलू."

"आधी तू!" तो ओरडला. गाभाऱ्यात आवाज घुमला. पिंडीवर नुसतं पाणी ठिबकत होतं, पान एकही नव्हतं. "बेल कुठाय?"

"पुडी तिथंच राहिली बघा." ती दारापाशी गेली आणि तिने बाहेर हाक मारली, "मावशी, बेल आणता का तेवढा?"

अमरसिंहने रुमालासाठी हात पुढे केला. रुमाल तिच्या मुठीत घट्ट होता.

छबुबाई पुडी घेऊन चौकटीत वाकली, अंधाराला डोळे सरावेपर्यंत थांबली आणि मग अमरसिंहकडे निरखून पाहत म्हणाली, "हां ताई, शनवारी तुमी अन् तुमच्या भावानं फोटू दावला ते दादा हेच की! पर दादा, दर सोमवारी गाडीवर आणता त्या बाईंना आज कुठं ठिवलं?"