जास्तीचा फेरा

बाबांचं हिशेबाचं यंत्र तिने माहेरून हट्टाने आणलं होतं. भागाकार करताना त्याचा दांडा फिरवत राहायचं. एक फेरा जास्त झाला की आतली घंटी वाजायची. "जास्तीचा परत घ्यायचा, पोरी," म्हणत बाबा दांडा एकदा उलटा फिरवायचे. मोजणीच्या कचेरीत त्यांनी जन्मभर तेच केलं. नात जन्मली त्याच आठवड्यात ते गेले. तिचं तोंडही पाहायला मिळालं नाही त्यांना.

"मोबाईल काय मेलाय का तुझा?" नवरा हसायचा.

त्याला तिने सांगितलंच नव्हतं. घंटी वाजली की ती दांड्यावरचा हात सैल सोडायची. मग दांडा आपसूक उलटा फिरायचा, तिचा हात बरोबर घेऊन, अगदी बाबांच्या लयीत, शेवटी जरासा थबकून. दुपारी बाळ झोपलं की ती एवढ्यासाठीच यंत्रापुढे बसायची. भीती वाटायची नाही, रडू यायचं.

आज सासूबाईंनी स्वयंपाकघरातून हटकलं, "अगं, पोरगी रडतेय! त्या लोखंडाला काय कुरवाळत बसलीस?"

"आले, आई. एकच फेरा."

तिने दांडा फिरवला. घंटी वाजली. तिने हात सैल सोडला.

दांडा जागचा हलला नाही.

स्वयंपाकघरात सासूबाई अजून भांडी लावत होत्या. आतल्या खोलीत बाळाचं रडणं मध्येच तुटलं, आणि पाळण्याची कडी करकरली. एकदाच, सावकाश, शेवटी जराशी थबकून.