फंकची सम

"नाना, या फंक संगीतातही सगळा जोर समेवर असतो, पहिल्या मात्रेवर. ऐका तर," बँडच्या कार्यक्रमात शाल्मली वडिलांच्या कानाशी ओरडली.

एरवी या बँडसमोर ती बेभान नाचायची. आज ती चाकांच्या खुर्चीवरचा त्यांचा उजवा हात बघत होती. चाळीस वर्षं तबला वाजवलेला तो हात अर्धांगवायूनंतर नऊ महिने हलला नव्हता. घरी तबल्याचं रेकॉर्डिंग लावलं की नाना तोंड फिरवायचे. तिच्याकडे एवढा एकच प्रयोग उरला होता.

दोन तास काहीच घडलं नाही. शेवटच्या गाण्यात नानांची तर्जनी किंचित उचलली गेली आणि समेवर पडली. योगायोग असेल, म्हणून तिने मोजलं. पुढच्या अकरा समांना ते बोट अकरा वेळा पडलं.

तेवढ्यात गाणं संपलं. बोट थांबलं. वादक गिटारी उतरवू लागले.

"वन्स मोअर!" शाल्मली किंचाळली.

शेजारचा तरुण हसला. "ताई, हे काही संगीत नाटक नाही."

दिवे लागले, लोक दाराकडे वळले. तिचा घसा बसला, तरी ती ओरडतच राहिली.

"आणखी जोरात," वाकड्या ओठांनी नाना म्हणाले.