पापापुरती बोली

"मी माणूस मारला," तोमासिना म्हणाली.

पाद्री सेलेदोनियोने दचकून मान वर केली. आतापर्यंत म्हातारीने बकरी चोरली होती, शेजारणीचं जाळं फाडलं होतं, तरुणपणी परक्या पुरुषाबरोबर लव्हाळ्यात निजली होती. दर शनिवारी ती चर्चमध्ये येऊन गुडघे टेके आणि एक नवं पाप कबूल करी. पण खून आजवर कधीच नव्हता.

"कुणाला?" त्याने तिच्याच बोलीत विचारलं.

खेचरवाल्या फेर्मिनला, तळ्यात ढकलून, असं तिने सांगितलं. मग तिच्या बोलण्याची गाडी भरधाव सुटली. पाद्रीला त्यातला 'वारा' हा शब्द कळला नाही, 'तराफा' कळला नाही. त्याने हात वर करून तिला थांबवलं. पाप तेवढं सांग, बाकीचं नको. ती थांबली. नेहमीच थांबायची.

गुआनाकाचेच्या तळ्यांवर ही बोली बोलणारी आता ती एकटीच उरली होती. एके काळी उत्तरेची तळी एक बोली बोलत आणि दक्षिणेची दुसरी. सख्ख्या बहिणी शोभाव्यात अशा. पुढे जमीनदारांनी इथल्या पुरुषांना दोरखंडांनी बांधून डोंगरापलीकडे चिलीत राबायला नेलं. परत आलं नाही कुणी. मागे राहिलेल्यांच्या नातवंडांनी स्पॅनिश उचलली. शेवटी दोघीच राहिल्या: उत्तरेची तोमासिना आणि दक्षिणेहून लग्न होऊन आलेली तिची जाऊ मेल्चोरा. दोघी दारात मासे साफ करत बसत, आपापल्या बोलीत बोलत आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत. गेल्या हिवाळ्यात मेल्चोरा गेली. दक्षिणेची बोली तिच्याबरोबरच पुरली गेली.

तोमासिनाला मोडकीतोडकी स्पॅनिश येत होती. चूल, पाणी, नातवंडं यांच्यापुरती. तिची मुलगी बार्तोला हिला जुन्या बोलीची चारचौघांत लाज वाटे. माणसासारखं बोल की, आई, असं ती एकदा चर्चच्या दारातच म्हणाली होती.

पाद्रीला मात्र उत्तरेची ही बोली येत होती, आणि त्याचा त्याला अभिमान होता. सान हुआनच्या मठात एका वृद्ध धर्मगुरूने ती कबुलीच्या जुन्या प्रश्नावलीवरून त्याच्याकडून घोकून घेतली होती. तळ्यावर आल्यावर कळलं की ती ऐकणारं एकच माणूस उरलंय. तरी त्याला वाटलं, एका आत्म्यासाठी का होईना, मेहनत कामी आली.

आता त्या आत्म्यावर खून होता. कबुलीत ऐकलेलं कुणाला सांगता येत नाही, त्यामुळे पाद्री ते एकटाच वागवत राहिला. सकाळच्या प्रार्थनेत तो फेर्मिनच्या आत्म्याला शांती मागे. जेवण जाईना. तळ्याच्या काठाने फिरताना नजर आपोआप पाण्याकडे वळे. तिकडे तोमासिना अंगणात अल्गारोबाच्या झाडाच्या शेंगा कुटत निवांत बसलेली दिसे, आणि तो वाट बदलून जाई.

आणि एका सकाळी फेर्मिन दारात उभा राहिला. चर्चसाठी मेणबत्त्या आणि मीठ घेऊन आला होता, आणि अडून बसलेल्या खेचराला आईबहिणीवरून शिव्या देत होता. पाद्रीने त्याला मिठीच मारली. फेर्मिन बुचकळ्यात पडला. तो गेल्यावर पाद्रीचा आनंद ओसरला आणि संताप उसळला.

शनिवारी तोमासिना आली, गुडघे टेकले.

"फेर्मिन जिवंत आहे," पाद्री म्हणाला.

"हो. परवा आमच्याकडेच जेवून गेला."

"आणि बकरी?"

"माझीच होती."

"तो परका पुरुष?"

तोमासिना जरा घुटमळली. "नवरा होता. पण लव्हाळ्यात, ते खरं."

पाद्रीचा आवाज चढला. जुनी बोली त्याला अपुरी पडू लागली, तसा तो स्पॅनिशवर आला. देवासमोर खोटं बोलतेस? त्या माणसासाठी मी रोज प्रार्थना करत होतो. नुसतं बोलायचंच होतं, तर येऊन बसायचं होतंस. मी काय हाकलून दिलं असतं?

म्हातारीने ऐकून घेतलं. मग ती मोडक्या स्पॅनिशमध्ये, त्याला नीट कळावं म्हणून एकेक शब्द सुटा करत बोलली.

"आले होते, पाद्रीबाबा. मेल्चोराला पुरलं त्या आठवड्यात. तिच्याबद्दल सांगत होते. कशी हसायची, कशी चिडायची. तुम्ही मान हलवत होतात. माझं सांगून झालं, तेव्हा तुम्ही विचारलंत, चोरी केलीस का?" ती थांबली. "तेव्हा कळलं. तुम्हाला आमच्या बोलीतली फक्त पापं येतात."

पाद्रीला तो दिवस आठवला. म्हातारी भरकटतेय असं त्याला वाटलं होतं. आता त्याने मनातल्या मनात शोधून पाहिलं. चोरणं होतं, मारणं होतं, परक्याशी निजणं होतं, खोट्या देवाला पुजणं होतं. हसणं या बोलीत कसं म्हणतात, ते त्याला ठाऊक नव्हतं. जावेला काय म्हणतात, तेही नाही.

तो उठला. तिच्या काखेत हात घालून त्याने तिला उभं केलं, आपल्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः समोर जमिनीवर बसला.

"आज पाप नको," तो तिच्या बोलीत म्हणाला. "सांगा."

तोमासिना खुर्चीत सावरून बसली. मग बोलू लागली. आधी हळू, मग हातवारे करत, मग मध्येच खुदकन हसत. दारातलं ऊन भिंतीवर चढलं तरी ती बोलतच होती. मेल्चोराचं नाव तेवढं त्याला मधूनमधून ओळखू येत होतं. बाकी एक अक्षरही कळत नव्हतं. तो ऐकत राहिला.